स्कॉटलंडच्या पुस्तकात भजीची टपरी

मी आमच्या धरण किनारा विकास कमिटीची सेक्रेटरी. म्हणजे मिटिंगला चहा सांगायचा, वही काढायची आणि झालेलं सगळं शुद्ध मराठीत लिहायचं. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे वहीत काय लिहायचं आणि काय गिळायचं हे मला कळतं. पण गंमत अशी, की वही अजून निम्मी कोरी आहे आणि गिळलेलं एवढं झालंय की आता पोटात मावत नाही! परवा भाचीच्या लग्नात चार बायकांना त्यातला एकच प्रकार सांगितला, तर पंगत उठली तरी बायका उठेनात. म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

तर आमचं गाव सावरखिंड. कर्जत आणि खालापूरच्या मधे, डोंगराच्या पायथ्याशी. गावाला एक धरण आहे. धरण म्हणजे आपलं नावाला, बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वाडीतला माणूस ओ देतो. शेजारच्या पळसदरीच्या धरणावर शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते आणि आमच्या धरणावर म्हशी येतात. हे आमच्या तात्यांना फार लागायचं. तात्या म्हणजे माजी सरपंच, कमिटीचे अध्यक्ष, आणि एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेवाचंही न ऐकणारा माणूस.

तात्यांचा पुतण्या नितीन स्कॉटलंडमध्ये समुद्रकाठच्या एका गावात हॉटेलात कुक आहे. त्या गावाचं नाव आमच्यापैकी कुणालाच धड घेता येत नाही, म्हणून आम्ही त्याला 'नितीनचं गाव' म्हणतो. गणपतीला आला तेव्हा त्याने काकांसाठी एक पुस्तक आणलं. त्या गावाचा किनारा कसा कसा मोठा झाला त्याचा सगळा इतिहास, फोटोंसकट. तात्यांनी ते मिटिंगमध्ये टेबलावर आपटलं.

"बाई, हे गाव काय एका दिसात मोठं नाय झालं. पायरी पायरीनं झालं. आपन बी तसंच करायचं. एक बी पायरी गाळायची नाय!"

"तात्या, ते समुद्राकाठी आहे," मी म्हटलं.

"पानी ते पानीच ना?"

यावर कमिटीने टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी मुद्दा काढला की बांधाच्या तोंडाशी अंजनामावशीची भजीची टपरी आहे, विकास करायचा तर ती आधी उचलायला हवी. चार बांबू, एक ताडपत्री, चूल आणि कढई, एवढीच ती टपरी. पण नवरा गेल्यापासून मावशीचं घर त्या कढईवर चालतं. तात्यांनी थोडा विचार केला आणि निर्णय दिला, "पुस्तकात टपरी असंल तर ऱ्हाईल. नसंल तर उचलायची."

मावशी दारातच उभी होती. मिटिंग संपल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी हाय का वो पुस्तकात?"

"वाचून सांगते," मी म्हटलं. पुस्तक इंग्रजीत, आणि कमिटीत ते वाचता येणारी मी एकटीच. माझ्या अधःपतनाची सुरुवात तिथून झाली.

* * *

पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं की सुरुवातीला त्या किनाऱ्यावर गरीब मासेमारांची दहा-पंधरा घरं होती, बाकी काही नव्हतं. तात्यांनी तिथल्या तिथे ठराव मांडला, की आपणही आधी गरीब मासेमार व्हायचं.

बबन गवंडी कमिटीवर आहे, कारण बांधकाम त्याच्याशिवाय कोण करणार! तो म्हणाला, "गरीब हावच की तात्या. माशांचं तेवढं बघा."

दर गुरुवारी सकाळी कमिटी गळ टाकून बांधावर बसायला लागली. तात्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. दोन गुरुवार गेले, एक मासा नाही. तिसऱ्या गुरुवारी पलीकडच्या वाडीतल्या बायका डोक्यावर लाकडं घेऊन बाजूने चालल्या होत्या. थांबल्या, बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी त्यातल्या एकीने विचारलं, "गळाला लावलाय काय?"

तात्यांनी गळ वर काढला. काहीच लावलं नव्हतं. पुस्तकातल्या फोटोत नुसता गळच दिसत होता!

पुढच्या गुरुवारी गांडुळं लावली आणि बबनला बोटाएवढा मासा लागला. त्याच्याबरोबर सगळ्यांचा फोटो निघाला. मी वहीत लिहिलं, 'मासेमारी टप्पा यशस्वीपणे पूर्ण.'

याच प्रकरणात एक वाक्य होतं, की मासेमारांच्या बायका किनाऱ्यावर बसून मासे साफ करीत. मी मोठ्याने वाचलं, "बायका किनाऱ्यावर बसून तळत असत." तीस वर्षं मुलांना बजावलं की भाषांतरात पदरचं काही घालायचं नाही. पण मावशी पुन्हा दारात उभी होती हो!

"काय तळत?" तात्यांनी विचारलं.

"ते दिलेलं नाही."

"मंग भजीच असनार," बबन म्हणाला. "दुसरं काय तळनार?"

कमिटीने माना हलवल्या आणि टपरी एका प्रकरणापुरती वाचली.

* * *

दुसरं प्रकरण धक्क्याचं. त्या किनाऱ्याला पाणी उथळ, आगबोटी लांब थांबायच्या, म्हणून त्यांनी पाण्यात लांबवर लाकडी धक्का बांधला. लोक बोटीतून उतरून धक्क्यावरून थेट गावात यायला लागले आणि गावाचं नशीब उघडलं.

आमच्याकडे बोट नव्हती. "धक्का बांधा, बोट आपसूक येते," असं तात्यांचं म्हणणं. बबनने दिवाळीनंतर काम काढलं. बांबू, साग, जुन्या शाळेच्या बाकांच्या फळ्या, मिळेल ते घातलं. काम संपायला मार्च उजाडला. काम चांगलं झालं, मी खोटं बोलणार नाही. फक्त तोवर पाणी मागे सरकलं होतं. धक्का संपला तिथून पाणी अजून शंभर पावलं लांब. धक्क्याखाली सुकलेला चिखल आणि धक्क्यावर शेळ्या.

मी तात्यांकडे बघितलं.

"पुस्तकात काय लिवलंय बाई? ओहोटीला पानी मागं जातं, भरतीला येतं. ही ओहोटी हाय."

"तात्या, त्यांची ओहोटी सहा तासांची असते."

"मंग आपली जरा मोठी हाय!"

जूनमध्ये भरती आली. ती अशी आली, की धक्का अख्खा पाण्याखाली गेला आणि गणपतीपर्यंत कुणाला दिसला नाही. बबन रोज बांधावर येऊन पाण्याकडे बघत उभा राहायचा. मावशी त्याला चहा द्यायची आणि म्हणायची, "हाय रं बाबा, खाली हाय. कुटं जातोय?"

* * *

यानंतरचा प्रकार मी लग्नात सांगितला तो.

त्या काळी तिकडच्या बायका चारचौघांत पाण्यात उतरत नसत. चाकं लावलेली लाकडी खोली असायची. बाई आत बसायची, घोडा ती खोली पाण्यात ओढत न्यायचा, बाईने मागच्या दाराने पाण्यात उतरायचं, डुबकी मारायची, परत आत. तात्यांना हे फार आवडलं. आपल्या संस्कृतीला धरून आहे म्हणाले.

घोडे माथेरानला. आमच्याकडे गोविंदाचा रेडा. बैलगाडीवर बबनने पत्र्याची खोली उभी केली, आतून पडदा लावला. पहिला मान तात्यांच्या मंडळींना, म्हणजे आमच्या काकूंना. काकू नको नको म्हणत होत्या, पण हळदीकुंकू लावून, नारळ फोडून त्यांना आत बसवलं. रेडा निघाला. आम्ही बांधावर उभे. गाडी पाण्यात शिरली, रेड्याच्या पोटाला पाणी लागलं, आणि रेडा खाली बसला.

रेडा तो! पाण्यात बसण्यासाठीच जन्माला आलेला. गोविंदाने शेपटी पिरगाळली, बबनने शिव्या घातल्या, तात्यांनी पुस्तक उघडलं. पुस्तकात घोडा बसल्याचा उल्लेख नव्हता. ऊन चढत चाललं, वर पत्र्याची खोली. शेवटी आतून काकूंचा आवाज आला, "अवो, मी हितं उकडत्येय, रेडा उटत नाय, आनि तुमी पुस्तक वाचताय व्हय?"

मग मावशी पुढे आली. लुगड्याचा काष्टा मारला, हातात शिळे पाव घेतले आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून रेड्याला एकेक दाखवायला लागली. दर पावाला रेडा दोन पावलं पुढे. नऊ पावांत काकू काठावर. उतरल्या त्या थेट टपरीवर जाऊन बसल्या, दोन प्लेट भजी खाल्ली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ही टपरी उचलली तर मी माहेरी जाईन."

वहीत मी एवढंच लिहिलं, 'स्नान-गाडीची चाचणी घेण्यात आली.'

* * *

त्या रेड्याचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर टाकला. आणि पुढच्या रविवारी आमच्या धरणावर चक्क सहा गाड्या आल्या! मुंबईच्या! मावशीला आदल्या दिवशीच कुणकुण लागली होती. तिने पहाटे उठून पाटीभर कांदा चिरला होता आणि नवं लुगडं नेसली होती.

नेमकं तेव्हा पुस्तकात रविवारचं पान चालू होतं. तिकडच्या लोकांचं त्या काळी रविवारचं फार कडक. रविवारी गाणं-बजावणं नाही, दुकानं नाहीत, पोहणं नाही, फक्त देवाचं नाव. तात्यांनी रस्त्यावर आडवा बांबू टाकला आणि स्वतः खुर्ची घेऊन बसले.

गाडीतल्या माणसाने काच खाली केली. "काका, डॅम बंद आहे का?"

"आज रविवार. पुस्तकात बंद हाय."

"कुठल्या पुस्तकात?"

"स्कॉटलंडच्या."

त्या माणसाने काच वर केली. सहाही गाड्या वळल्या आणि पळसदरीला गेल्या. पाटीभर कांदा तसाच राहिला.

मावशी रडली नाही की ओरडली नाही. तात्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "तात्या, त्यांचा रविवार. आपला सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनवार मारुतीचा. त्येबी सगळे बंद ठेवा, म्हंजे कोन्या देवाला राग नको."

तात्यांनी बांबू काही हलवला नाही. पण मला तो कांदा बघवला नाही. पुढच्या मिटिंगला वाचताना मी चार पानं एकदम उलटली, आणि त्या गावातला रविवार एका मिनिटात मोकळा झाला. खरं तर त्याला तिकडे पिढ्या लागल्या होत्या.

* * *

मग आलं आइस्क्रीमचं प्रकरण, आणि त्यात मावशी जवळजवळ गेलीच होती.

लिहिलं होतं की किनाऱ्यावर खाण्याचं पहिलं मोठं दुकान निघालं ते आइस्क्रीमचं, आणि ते काढणारी माणसं गावातली नव्हती, पार इटलीहून आलेली होती. या वेळी पदरचं घालायला जागाच मिळाली नाही, कारण दुकानाचा पानभर फोटो होता. तात्यांनी चष्मा काढला. त्यांनाही ते जड जात होतं, पण नियम त्यांचाच होता.

"बघा, आता मी तरी काय करू? खान्याचं दुकान भायेरच्या मानसाचंच पायजे. अंजना गावातली."

आणि मग बबन, जो मिटिंगमध्ये अर्धा वेळ झोपलेला असतो, तो म्हणाला, "गावातली कशी? तिचं म्हायेर कोंडाण्याला."

"कोंडाणं म्हंजे इटली व्हय रं?"

"मधी डोंगर हाय ना!"

कमिटीने नकाशा मागवला. नितीनला फोन लावला. तिकडे पहाट होती, तो म्हणाला की इटली आणि स्कॉटलंडच्या मधे खरंच डोंगर आहेत. मोठे आहेत. मतदान झालं, सगळे हात वर. तात्यांचा सगळ्यात आधी.

मी बाहेर जाऊन मावशीला सांगितलं, तुम्ही बाहेरच्या ठरलात, टपरी राहिली. ती हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "बाई, चाळीस वर्सं झाली लगनाला. भांडान झालं का या गावानं मला कोंडान्याची म्हनूनच सुनावलं. आज पयल्यांदा त्याचा उपेग झाला बगा!"

मीही लग्न करूनच आलेय या गावात.

* * *

पुस्तकाच्या शेवटाकडे कळलं, की पुढे विमानं स्वस्त झाली, लोक स्पेनला जायला लागले आणि नितीनच्या गावाच्या किनाऱ्याची पार रया गेली. रंग उडाले, बाकं मोडली, धक्का कुजला. तसं काही वर्षं राहिलं आणि मग कुठे नवा विकास सुरू झाला.

"म्हंजे आता आपली पडझड," तात्या म्हणाले.

"तात्या, पडायला आधी उभं राहायला लागतं," मी म्हटलं.

"पायरी गाळायची नाय बाई!"

ठराव झाला. बबनने बांधावर बांधलेली बाकं कमिटीने मोडायची, त्यांचा रंग खरवडायचा, गवत वाढू द्यायचं. बबनला पहार दिली. बबनने ती खाली ठेवली. "मी बांदलेलं मी नाय फोडनार. आपसूक फुटंल. वाईच थांबा."

आणि खरंच! पंधरा दिवसांत दोन बाकं आपोआप बसली. आपल्या कामावर एवढा विश्वास असलेला गवंडी मी दुसरा पाहिला नाही.

पण घोळ वेगळाच झाला. चिखलात उभा धक्का, त्यावर शेळी, मागे डोंगर, असा फोटो कुणीतरी काढला. मग लोक तो फोटो काढायलाच यायला लागले. मोडक्या बाकावर बसून नवरा-नवरी फोटो काढून घ्यायला लागली. पार्किंगला जागा पुरेना. मावशीने दुसरी कढई चढवली. तात्या बांधावर उभे राहून ती गर्दी बघायचे आणि चिडून म्हणायचे, "पडझडीत एवढी मान्सं? पुस्तकात एक बी नव्हतं!"

* * *

गर्दीची बातमी वर गेली आणि तालुक्याहून एक साहेब आले. तरुण, शांत, हातात नकाशाची गुंडाळी. सरकारी खर्चाने किनारा नीट करणार होते. बांधाला रेलिंग, दिवे, बसायला कट्टे. आम्हाला वाटलं, जिंकलो! साहेबांनी नकाशा पसरला आणि सांगितलं, बांधावर नवीन जे काही आहे ते सगळं निघेल. फक्त आधीपासून असलेलं, जुनं, ते ठेवता येईल. मग पेनाने टपरीकडे दाखवून म्हणाले, "हे उद्या सकाळी काढून घ्या. जुन्या नकाशात नाही."

मी काकुळतीला आले. साहेब, यांचं पोट आहे यावर, म्हटलं. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, मला कळतंय. पण जुनं असल्याचा काहीतरी पुरावा लागतो ना."

पुरावा कसला? पुस्तक संपलं होतं. शेवटची पानं नुसत्या नावांच्या यादीची. पदरचं घालायला आता ओळसुद्धा उरली नव्हती. मावशीने चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि कढई उतरवली. इतक्या दिवसांत मी तिला हार मानताना पाहिलं नव्हतं. बबन दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

तेव्हा तात्या उठले. माझ्या हातातून पुस्तक घेतलं, थुंकी लावून पानं उलटली आणि एक पान उघडून साहेबांच्या नकाशावर ठेवलं. काळा-पांढरा, अंगभर सुरकुत्या पडलेला जुना फोटो. पाण्याच्या काठाला एक बाई उभी, डोक्याला रुमाल बांधलेला, पुढ्यात टोपली.

"हा घ्या पुरावा," तात्या म्हणाले.

साहेबांनी वाकून बघितलं. "ह्या कोण?"

"अंजना."

पायरी न गाळणारा माणूस हा! साहेबांनी फोटो जवळ घेतला.

"मागे पाणी बरंच दिसतंय."

"त्या वर्सी पाऊस झकास झालावता."

"आणि ही एवढी मोठी बोट?"

"ती मागनं बंद पडली."

साहेब बराच वेळ फोटो बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "या बाई आता कुठे असतात?"

कढई हातात तशीच धरून मावशी त्यांच्यामागून म्हणाली, "हितंच हाय की सायेब. तवा जरा बारीक व्हते."

साहेबांनी वळून मावशीकडे पाहिलं. एकदा फोटोकडे पाहिलं. पुन्हा मावशीकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि नकाशावर टपरीच्या जागी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पूर्वीपासून आहे.'